जन्म एका देशात, वाचक दुसऱ्याच देशात

दगडफूल (धागाकर्ता)

कामानिमित्त तीन वर्षं योकोहामाला होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई बसायच्या. हिशेबखात्यात होत्या, बोलणं अगदी मोजकं. एकदा मी सांगितलं की दोन आठवड्यांसाठी ब्रसेल्सला जायचंय. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "मग अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये नक्की जा. नेरो आणि पातराश तिथेच गेले." मला वाटलं, त्यांच्या ओळखीतलं कुणीतरी वारलं असावं. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. शेजारी बसलेल्या चाळिशीच्या सहकाऱ्यानेही मान खाली घातली.

संध्याकाळी घरी येऊन शोधलं. 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' ही १८७२ सालची इंग्रजी कथा. लेखिका 'वीदा', हे टोपणनाव. मूळची इंग्लंडची, शेवटची वर्षं इटलीत काढली, १९०८ मध्ये तिथेच वारली. कथा छोटी आहे. नेलो (जपानीत नेरो) नावाचा अनाथ मुलगा आजोबांबरोबर अँटवर्पजवळच्या खेड्यात राहतो. पातराश हा मालकाने मरायला टाकून दिलेला कुत्रा. आजोबा-नातू त्याला वाचवतात आणि मग तो त्यांची दुधाची गाडी शहरापर्यंत ओढतो. नेलोला चित्रकार व्हायचंय. कॅथेड्रलमध्ये रुबेन्सची दोन चित्रं आहेत, पण ती पडद्याआड. पैसे मोजले तरच पडदा सरकतो, आणि नेलोकडे पैसे नाहीत. आजोबा जातात, घर जातं, गावात आगीचा आळ येतो. नाताळच्या रात्री तो कॅथेड्रलमध्ये शिरतो. पडदा सरकलेला असतो, चंद्रप्रकाशात त्याला चित्रं दिसतात. सकाळी लोक येतात तेव्हा मुलगा आणि कुत्रा एकमेकांना बिलगून गारठून गेलेले असतात.

जपानीत ही कथा १९०८ मध्येच गेली. पण ती घराघरात पोचवली १९७५ च्या ५२ भागांच्या कार्टून मालिकेने. त्या बाईंनी ती लहानपणी पाहिली होती. शेवटच्या भागाच्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

ब्रसेल्सच्या ऑफिसात पाच फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्याच, सहकाऱ्यांना विचारलं. चौघांनी नावही ऐकलं नव्हतं. पाचवी मुलगी अँटवर्पची. तिलाही माहीत होतं ते जपानी पर्यटक विचारतात म्हणून, पुस्तक तिनेही वाचलं नव्हतं. ज्यांच्या मातीवर गोष्ट घडते, त्यांच्या घरात ती नाही. ज्या भाषेत लिहिली गेली, त्या इंग्रजीतही आज तिला मोठा वाचक नाही. आणि नऊ हजार किलोमीटरवर एक बाई तिच्या आठवणीने जेवणाच्या टेबलावर रडते.

शनिवारी अँटवर्पला गेलो. आत जायला तिकीट आहे, म्हणजे रुबेन्स पाहायला आजही पैसे पडतात. 'क्रूसावरून उतरवताना' या चित्रासमोर उभा राहिलो. येशूचा पांढराफटक देह खाली घसरतोय, पांढऱ्या कापडावर, आणि खालच्या माणसांचे हात तो झेलायला वर आलेत. चित्र फार उंच आहे, लहान मुलाला मान पार मागे टाकावी लागेल. बाहेर चौकात २०१६ मध्ये बसवलेलं संगमरवरी शिल्प आहे: नेलो आणि पातराश झोपलेत आणि फरसबंदीच्या दगडांचंच पांघरूण त्यांच्या अंगावर आलंय. त्याचा फोटो मी बाईंना पाठवला. उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळी माझ्या मेजावर 'मोची' या जपानी तांदळाच्या मिठाईचा डबा होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. अशी आणखी कुठली पुस्तकं, कुठले लेखक? आणि असं का होतं?

---

घाटवाट

सुंदर धागा. लगेच आठवली ती एथेल लिलियन वॉयनिच आणि तिची 'द गॅडफ्लाय'.

मी पुण्यात रशियन शिकत होते तेव्हा आमच्या बाई लेनिनग्राडच्या होत्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, इंग्रजीतली कोणती कादंबरी तुम्हाला सर्वांत प्रिय? कुणी डिकन्स म्हणालं, कुणी हार्डी. त्या वाट पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आणि ओवोद?" हे 'गॅडफ्लाय'चं रशियन नाव. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना ते खरंच वाटेना. त्यांच्या पिढीने ते पुस्तक चौदाव्या-पंधराव्या वर्षी उशीखाली ठेवून वाचलेलं.

लेखिका १८६४ साली आयर्लंडमधल्या कॉर्कची. वडील जॉर्ज बूल, ज्यांच्या बीजगणितावर आजचे संगणक चालतात तेच. आई मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. एव्हरेस्ट म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल, ज्यांचं नाव शिखराला दिलं. कादंबरी १८९७ ची, कथानक इटलीतलं. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध लढणारा आर्थर, आणि ज्या धर्मगुरूवर त्याचा जीव असतो तोच त्याचा खरा बाप निघतो. तेरा वर्षांनी आर्थर विद्रूप चेहरा आणि नवं नाव घेऊन परततो, आणि अखेर बापापुढे एकच प्रश्न उरतो: तुझा देव की मी?

हे रशियनमध्ये पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये आलं. क्रांतीआधीच्या तरुणांनी ते डोक्यावर घेतलं, क्रांतीनंतर सरकारी प्रकाशनांनी लाखांनी छापलं. निकोलाय ओस्त्रोव्हस्कीच्या कादंबरीचा नायक पावेल कोर्चागिन हेच पुस्तक सोबतच्या सैनिकांना वाचून दाखवतो. म्हणजे सोव्हिएत तरुणांचा आदर्श नायकच या पुस्तकावर वाढलेला! पुढे चीनमध्येही अनुवाद झाला आणि तिथल्या एका पिढीनेही ते असंच जवळ केलं. १९५५ मध्ये सोव्हिएत चित्रपट निघाला, संगीत शोस्टाकोविचचं. त्यातला व्हायोलिनचा 'रोमान्स' आजही मैफिलींत वाजतो. वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना कादंबरी ठाऊक असते, कोण जाणे.

आणि लेखिका कुठे होती? न्यूयॉर्कमध्ये, एका फ्लॅटमध्ये, नव्वदी ओलांडलेली, संगीतरचनेत रमलेली. सोव्हिएत वाचकांना ती केव्हाच गेली असं वाटत होतं. १९५५ मध्ये ती हयात असल्याचं तिकडे कळलं आणि तिलाही तेव्हाच समजलं की आपलं पुस्तक तिथे घराघरात आहे. सोव्हिएत पत्रकार तिला भेटायला गेले. त्या देशात परदेशी लेखकांना मानधन देण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं तिला एक पैसा मिळाला नव्हता. मग उशिरा का होईना, काही रक्कम मिळाली. १९६० मध्ये ती गेली.

मला तो क्षण फार हलवतो. अठ्ठावन्न वर्षांनी दार वाजतं आणि कुणी सांगतं की तुझी लाखो मुलं आहेत, फक्त दुसऱ्या भाषेत बोलतात.

---

पाणकणीस

घाटवाट, माहिती छान, पण एक दुरुस्ती मनात ठेवा. 'गॅडफ्लाय' आपल्या घरी पडून राहिलं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजीतही ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. विसरलं गेलं ते नंतर. आणि रशियात टिकलं त्यात सरकारचा मोठा हात आहे. ज्या देशात काय छापायचं हे वरून ठरतं, तिथे चर्चविरोधी क्रांतिकारकाची कादंबरी लाखांनी निघणारच. लोकप्रियता आणि उपलब्धता यांची गल्लत होऊ नये.

फ्लँडर्सच्या कथेचंही तसंच. बेल्जियन वाचकाला ती का आवडावी? गावच्या गाव एका पोराला थंडीत मरू देतं, असं एका परक्या बाईने आपल्याबद्दल लिहिलंय! आपल्या गावाबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर आपण ते शाळेत लावलं असतं का? जपानी वाचकाला ते गाव आपलं नाही, त्यामुळे त्याला फक्त मुलगा आणि कुत्रा दिसतो.

---

घाटवाट

पाणकणीस, उपलब्धतेचा मुद्दा मान्य. पण त्याच सरकारने इतर शेकडो पुस्तकं लाखांनी छापली, ती आज रशियातही कुणी उघडत नाही. आमच्या बाई पुण्यात आल्या त्याआधीच ते सरकार गेलेलं होतं. त्यांच्या पिशवीत मात्र 'ओवोद' होतं, पुठ्ठा निघालेलं, दोऱ्याने शिवलेलं. सक्तीने वाचलेलं पुस्तक कुणी दोऱ्याने शिवून दुसऱ्या देशात नेत नाही.

---

माडाची सावली

परदेश नाही, पण परभाषा. आपल्या घरचंच उदाहरण देतो: वि. स. खांडेकर.

चेन्नईत बदली झाली तेव्हा मैलापुरात खोली घेतली. घरमालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काण्डेकर वाचलाय का?" मला आधी कळलंच नाही. मग ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. लांब, आडव्या रेघांची, कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात तमिळमध्ये, निळ्या शाईत, वाक्यंच वाक्यं उतरवलेली. प्रत्येकाखाली कादंबरीचं नाव आणि तारीख. कॉलेजात असताना ग्रंथालयातली पुस्तकं परत करण्याआधी ते ही वाक्यं लिहून घ्यायचे. म्हणाले, "बी.ए.ला जाईपर्यंत मला हा तमिळ लेखकच वाटत होता. मराठी आहे हे कळलं तेव्हा वाईट वाटलं."

अशी माणसं तिथे अनेक भेटली, सगळी साठीच्या पुढची. हे घडलं एका अनुवादकामुळे. का. श्री. श्री. या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी खांडेकरांच्या कादंबऱ्या एकामागोमाग एक तमिळमध्ये नेल्या. तिकडे गुजरातीत गोपाळराव विद्वांसांनी तेच केलं, खांडेकर आणि साने गुरुजी दोघांनाही गुजराती वाचकांच्या घरात नेऊन बसवलं. एका लेखकाला एक अनुवादक असा जन्माचा मिळतो, तेव्हाच हे होतं.

मी स्वतः शिरोड्याजवळचा. ज्या गावात खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं मास्तर होते, तिथून जवळच माझं आजोळ. आमच्या घरात 'ययाती' होती, 'अमृतवेल' होती, पण 'उल्का' किंवा 'दोन ध्रुव' कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. त्या दोन्ही १९३४ च्या. त्या मी पहिल्यांदा वाचल्या चेन्नईत, म्हाताऱ्याला उत्तर देता यावं म्हणून, तिशी ओलांडल्यावर.

---

खडीसाखर

माडाची सावली, प्रतिसाद आवडला. तरी मराठीने खांडेकरांना दूर लोटलं असं चित्र उभं राहू नये. 'ययाती'ला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिला. ती आजही खपते, पुस्तक प्रदर्शनात कुठल्याही टेबलावर असते.

पण एक खरं. १९६० नंतरच्या समीक्षेने त्यांची भाषा अतिअलंकारिक म्हणून बाजूला सारली. उपमा, उत्प्रेक्षा, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुविचार. मी एम.ए.ला होते तेव्हा वर्गात खांडेकर आवडतात असं म्हणायची सोय नव्हती. मला वाटतं, अनुवादात भाषेचा तो भरजरी शालू उतरतो आणि आतली माणसं उरतात: ध्येयवेडे तरुण, गरिबीची लाज, मनाविरुद्धची लग्नं. १९४०च्या दशकातल्या तमिळ तरुणाला तीच हवी होती. आम्हाला शालूच आधी दिसला आणि आम्ही तिथेच थांबलो.

---

सातपुडा

थोडक्यात एक जोडतो. हेच एडगर अ‍ॅलन पो आणि फ्रान्सचं. अमेरिकेत इमर्सनने त्याला 'घुंगरं वाजवणारा' अशा अर्थाने हिणवलं होतं. फ्रान्समध्ये बोदलेअरने वर्षानुवर्षं खपून त्याच्या कथांचा अनुवाद केला, १८५६ मध्ये पहिला खंड आला, आणि फ्रेंच कवींच्या पुढच्या पिढ्यांनी पोला गुरू मानलं. घुंगरं फ्रेंचमध्ये वाजलीच नाहीत, म्हणून कथेची हाडं दिसली. खडीसाखर यांचा शालूचा मुद्दा इथेही लागू पडतो.

---

नेकलंडची सकाळ

मी गेली बारा वर्षं जर्मनीत आहे. इथल्या पुस्तकाच्या दुकानात भारतीय लेखकांच्या फळीवर मराठी नाव दिसावं म्हणून मी नेहमी डोकावते. पहिल्यांदा दिसलं ते किरण नगरकर.

१९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठीत लिहिणारे नगरकर. नंतर ते इंग्रजीत गेले आणि आपल्याकडे अनेकांनी त्यांचा विषय मिटवला. माझगावच्या चाळीतले 'रावण आणि एडी', मीरेच्या नवऱ्याच्या तोंडून सांगितलेली मेवाडची 'ककल्ड', ज्याला २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात मी ही नावं घेतली की बहुतेकजण विचारतात, 'कोण?' इथे जर्मनीत मात्र त्यांचा निष्ठावान वाचक होता. २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात भारत पाहुणा देश होता, त्याच सुमारास त्यांची 'गॉड्स लिटल सोल्जर' जर्मनमध्ये आली. २०१२ मध्ये जर्मन सरकारने त्यांना आपला मानाचा ऑर्डर ऑफ मेरिट दिला.

माझ्या शेजारच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी मला 'ककल्ड'चं जर्मन भाषांतर वाचायला दिलं. त्या मला मेवाडबद्दल प्रश्न विचारायच्या आणि मला उत्तरं येत नव्हती. आपली पहिली कादंबरी माझ्याच भाषेत लिहिणाऱ्या माणसाची ओळख मला एका जर्मन बाईंनी करून दिली. ही खंत मनातून जात नाही. मग सुट्टीत पुण्याला आले तेव्हा 'सात सक्कं त्रेचाळीस' शोधली. तीन दुकानं फिरले, चौथ्यात मिळाली. मुंबईच्या उकाड्यातली, तुकड्यातुकड्यांची, रागावलेली ती मराठी वाचताना वाटलं, हा माणूस आपल्याला सोडून गेला नव्हता, आपण त्याच्या मागे गेलो नाही.

---

पाणकणीस

नेकलंडची सकाळ, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मीही त्या 'कोण?' विचारणाऱ्यांतलाच आहे. या आठवड्यात ग्रंथालयात मागणी नोंदवतो.

---

तांबडं फुटलं

धाग्याच्या नियमात बसत नाही, पण अनुवादकांचा विषय निघालाय म्हणून सांगतेच. भैरप्पा. कन्नडमध्ये ते अफाट लोकप्रिय, त्यामुळे 'बाहेर जास्त' असं नाही. पण मराठीत त्यांना जे प्रेम मिळालं ते एखाद्या मराठी कादंबरीकाराला हेवा वाटावा असं. माझ्या आईला 'पर्व'मधले प्रसंग तोंडपाठ होते आणि ती नेहमी 'आपले भैरप्पा' म्हणायची.

ते 'आपले' झाले उमा कुलकर्णींमुळे. त्यांची कामाची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवायचे. ते कामावर गेले की उमाताई टेप लावायच्या, थांबवायच्या, ऐकलेलं मराठीत लिहायच्या. म्हणजे ते मराठी वाक्य कानातून आलेलं आहे, डोळ्यातून नाही. 'वंशवृक्ष' मोठ्याने वाचून बघा, कुठेही जीभ अडत नाही.

म्हणून मला वाटतं, दगडफूल यांच्या 'असं का होतं' या प्रश्नाचं उत्तर आधी माणसात शोधावं, विषयात किंवा सरकारात नंतर. कुठेतरी कुणीतरी एक माणूस रोज चार तास बसलेला असतो.

---

दगडफूल (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तांबडं फुटलं, तुमच्या या 'रोज चार तास बसलेल्या माणसा'वरून आणखी एक जपानी आठवण.

योकोहामाच्या त्याच बाईंनी मला हानाको मुराओका यांच्याबद्दल सांगितलं होतं. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' ही कॅनडाची कादंबरी. तिकडेही ती लाडकीच आहे, म्हणून मी मूळ पोस्टमध्ये घेतली नाही. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर मायदेशी परतणाऱ्या कॅनेडियन मिशनरी मैत्रिणीने मुराओकांना ते पुस्तक दिलं. थोड्याच काळात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. टोकियोवर बॉम्ब पडत होते तेव्हा या बाई गुपचूप एका लाल केसांच्या अनाथ मुलीची गोष्ट जपानीत उतरवत होत्या. भोंगा झाला की हस्तलिखित उचलून आसऱ्याला पळायचं. पुस्तक १९५२ मध्ये निघालं. उद्ध्वस्त घरांतल्या, आईवडील गमावलेल्या मुलींच्या हातात ते पडलं. आज प्रिन्स एडवर्ड बेटावर अ‍ॅनचं घर पाहायला जपानी बायका जातात ते त्या हस्तलिखितामुळे.

पाणकणीस, तुमचा उपलब्धतेचा मुद्दा मी विसरलेलो नाही. टीव्हीवर ५२ आठवडे दाखवल्याशिवाय पातराश कुणाला माहीत झाला नसता, हे खरंच आहे. पण त्या बाई पन्नाशीत रडल्या तेव्हा टीव्ही बंद होता.

माडाची सावली, एक विचारू? त्या वहीतलं एखादं वाक्य मूळ मराठीशी ताडून पाहिलंत का? खडीसाखर म्हणतात तसा शालू खरंच उतरलाय का, हे कळेल.

---

माडाची सावली

दगडफूल, तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी खाली गेलो. 'उल्का' बरोबर नेली. घरमालक आजोबा व्हरांड्यात होते. त्यांनी वही उघडली, एक वाक्य तमिळमध्ये वाचलं आणि त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला. मी मराठीत ते शोधायला लागलो. पाऊण तास गेला. मध्ये त्यांच्या सूनबाई दोनदा कॉफी देऊन गेल्या.

सापडलं. माझं तमिळ कच्चं आहे, तरी त्यांनी शब्द फोडून सांगितल्यावर कळलं की उपमा जशीच्या तशी आहे, एक धागाही उसवलेला नाही. खडीसाखरताई, निदान या एका वाक्यात तरी शालू तसाच आहे. त्यांनी तो शालूच पाहून वाक्य लिहून घेतलं होतं.

मग ते म्हणाले, आता तू मराठीत वाच, मोठ्याने. मी वाचलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण डोळे मिटून ऐकत राहिले, आणि मी थांबलो तेव्हा हाताने 'पुढे' अशी खूण केली. साडेआठपर्यंत अकरा पानं झाली. आज सहा वाजता पुन्हा बोलावलंय.